छप्पर नसलेल्या भिंती

सीवूड्समध्ये जुने म्हणावे असे फारसे काही नाही. इमारतींच्या रांगा मागे टाकून बेलापूरच्या खाडीकडे गेले, की किल्ल्याचा झाडीत बुडालेला बुरूज मात्र भेटतो. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा चार सत्तांनी हा किल्ला पाहिला. त्याचे काय करावे, असे विचारले की दोनच उत्तरे येतात: नव्याने उभारा, नाही तर काळाच्या स्वाधीन करा. दोन्ही उत्तरे आम्हांला फार सोयीची वाटतात.

आपल्या समाजाला हा प्रश्न वसईत अधिक बोचतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले आणि किल्ल्यातील चर्चे ओस पडली. ती पुन्हा उभारावीत ही भावना खोटी म्हणता येणार नाही. पण त्या भिंतींवर नवा गिलावा चढला, तर १७३९ नंतरची जवळपास तीन शतके पुसली जातील. तीही आपलीच आहेत. नूतनीकरणापेक्षा जतन हे पहिले कर्तव्य, असे जॉन मार्शल यांनी १९२३ च्या नियमपुस्तिकेत बजावले होते. वापरातल्या वास्तूंना मात्र त्यांनी सवलत ठेवली. येशूसंघीयांच्या चर्चवर छप्पर घालून तेथे संत गोन्सालो गार्सियांचा सण होतो, तो आम्हांला याच न्यायाने रास्त वाटतो. जेथे प्रार्थना नाही, तेथे केवळ अभिमानासाठी छप्पर कशाला?

पडझडीचे सौंदर्य गाणारे रस्किनचा दाखला देतात. पुनर्रचना हे असत्य आहे, असे तो १८४९ साली म्हणाला हे खरे. पण वेळीच निगा राखा म्हणजे पुनर्रचनेची पाळीच येणार नाही, हेही त्याच प्रकरणात आहे. तेवढे वाक्य सोयीने गळते. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनचा मठ १८३५ साली ओस पडला. १८४२ साली चर्चचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. त्याच ढिगाऱ्याच्या उत्खननात जॉर्जियाची हुतात्मा राणी केतेवान हिचे अवशेष हाती लागले आणि २०२१ साली त्यांचा काही भाग तिच्या देशाला देण्यात आला. हा लाभ पडझडीने दिला नाही; खोदणाऱ्यांनी थर न थर जपून उकलला म्हणून तो झाला.

बुरुजाच्या सांध्यात पिंपळाचे रोप दिसले, तर ते कोवळे असताना काढायला एक माणूस आणि एक शिडी पुरते. दहा वर्षांनी त्याचे मूळ उपटले, तर दगडही सोबत येतात.