‘स्वच्छ’ म्हणजे नेमकं काय?

गॅसवर चालणाऱ्या ट्रकला सरसकट ‘स्वच्छ’ म्हणायची आपल्याकडे सवय पडली आहे. आमचा आक्षेप गॅसला नाही, या शब्दाला आहे. कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले जातात. रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत काय जातं, हा एक. वातावरण किती तापतं, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नात गॅसला चांगले गुण द्यायलाच हवेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणायला सांगितलं, ते हवेसाठीच. पुढे कमिन्स-वेस्टपोर्टच्या ८.९ लिटरच्या इंजिनाला २०१५ मध्ये अमेरिकेत प्रमाणपत्र मिळालं. त्याचे नायट्रोजन ऑक्साइड २०१० च्या मर्यादेपेक्षा ९० टक्क्यांनी कमी होते. हवा आणि गॅस नेमक्या प्रमाणात जाळायचे आणि पुढचं काम कॅटॅलिस्टवर सोपवायचं, ही त्यामागची युक्ती.

आता दुसरा प्रश्न. तेवढीच उष्णता घेतली तर गॅसमधून डिझेलपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. इथपर्यंत जाहिरात खरी आहे. पण स्पार्क प्लगचं इंजिन डिझेल इंजिनापेक्षा इंधन जास्त खातं, म्हणजे त्या पाव हिश्शातलं काही तिथंच जातं. शिवाय गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. वीस वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त.

आता साधा हिशेब करून बघा. एक किलो मिथेन जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. विहिरीपासून सायलेन्सरपर्यंत त्यातला फक्त एक टक्का, म्हणजे दहा ग्रॅम, न जळता निसटला, तर त्याचा भार सुमारे ८०० ग्रॅमचा. पाव हिश्शाचा फायदा जवळपास संपला! शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तोटा कमी दिसतो, हेही सांगायला हवं. डिझेलच्या विहिरीचा आणि रिफायनरीचा हिशेब इथे धरलेला नाही, तोही खरं तर मांडायला हवा.

एलएनजीची टाकी उणे १६२ अंशांच्या आसपास थंड ठेवावी लागते. ट्रक बरेच दिवस उभा राहिला तर आतला दाब वाढतो आणि गॅस बाहेर सोडावा लागतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: शहरातल्या बसला, कचरागाडीला गॅस जरूर द्या. पण लांब पल्ल्याच्या ट्रकला हवामानाच्या नावाने सवलत मागणाऱ्यांनी आधी गळती मोजून दाखवावी. आकडा नसेल, तर ‘कमी धूर’ म्हणा. ‘स्वच्छ’ म्हणू नका.