बायकांची पुस्तकं

शाळेत असताना सेलूच्या वाचनालयातून आईसाठी कादंबऱ्या आणणं हे माझं काम होतं. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे ही नावं मला लेखिका म्हणून कळलीच नाहीत. किराणा सामानाच्या यादीसारखी ती चिठ्ठीवरून पाठ झाली. एकदा रस्त्यात मित्रानं हातातलं पुस्तक ओढून मुखपृष्ठ पाहिलं. "बायकांची पुस्तकं वाचायलास का?" म्हणून तो हसला. त्यानंतर मी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणायला लागलो. आईनं कारण विचारलं नाही. तिला कळलं असणार.

पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, थोडं 'गंभीर' वाचन झालं. तेव्हा लक्षात आलं की माझ्या मित्राचं मत बऱ्याच जाणकारांचंही आहे. फक्त ते हसत नाहीत, उल्लेख टाळतात.

आता कुणी म्हणेल, प्रेमकथा हा प्रकारच उथळ. मग ना. सी. फडक्यांचं काय करायचं? त्यांनी आयुष्यभर प्रणयाच्या कादंबऱ्या लिहिल्या. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्यावर टीका खूप झाली, पण टीका करायला आधी त्यांना वाचावं लागलं. 'कलेसाठी कला' हा वाद आजही अभ्यासक्रमात आहे. आईच्या चिठ्ठीवरच्या लेखिकांच्या वाट्याला वाद सोडाच, धड टीकाही फारशी आली नाही. म्हणजे अडचण प्रेमाची नव्हती. कोण लिहितंय आणि कोण वाचतंय, याची होती.

'महाश्वेता'चंच बघा. दूरदर्शनवरची ही मालिका म्हटलं की लोकांना ग्रेस यांच्या कवितेचं शीर्षकगीत आठवतं. मालिका सुमती क्षेत्रमाडे यांच्या कादंबरीवरची होती, हे मला कुणी सांगितलंच नाही. नेटवर नाव टाकलं तर आधी सुधा मूर्तींची त्याच नावाची कादंबरी समोर येते. क्षेत्रमाडे पेशानं डॉक्टर होत्या. शंभराहून जास्त पुस्तकं लिहिणाऱ्या योगिनी जोगळेकर शास्त्रीय गायिकाही होत्या. फावल्या वेळातला विरंगुळा म्हणून हे लेखन बाजूला सारणं सोपं आहे. पण ज्यांना फावला वेळ जवळजवळ नव्हताच, अशा बायकांनी ते लिहिलं आहे.

मला वाटतं, बायकांनी लिहिलेल्या प्रेमकथेचा प्रश्नच वेगळा असतो. 'त्याचं माझ्यावर प्रेम आहे का?' याच्या पाठोपाठ लगेच 'मग मी राहायचं कुठं?' हा प्रश्न येतो. विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर'मधली (१९३४) अचला नवऱ्यानं टाकलेली आहे. तिला विरागवर प्रेम करायचंय आणि मूलही हवंय. देशभर लागू होणारा, घटस्फोटाची सोय असलेला हिंदू विवाह कायदा यायला तेव्हा वीसेक वर्षं होती. तिच्या प्रेमात कायदा, घर, मूल, शेजारी सगळे येऊन बसतात. लेखिकेलाही टोपणनाव घ्यावं लागलं. मालती बेडेकर म्हणून आपण त्यांना पुढे ओळखलं. 'हिंदोळ्यावर' अर्थातच समीक्षकांनी वाचली. मात्र तोच प्रश्न सौम्य करून, शेवट गोड करून विचारणाऱ्या कादंबऱ्या वाचनालयाच्या कपाटात राहिल्या.

आज ते कपाट फोनमध्ये आहे. प्रतिलिपीसारख्या ॲपवर कितीतरी बायका मराठीत भागांवर भाग लिहितात, बऱ्याच जणी टोपणनावानं. ठरलेलं किंवा करारावरचं लग्न, श्रीमंत तुसडा नवरा, हळूहळू प्रेम. मी हे पन्नासेक भाग सलग वाचलेत. दोष ढीगभर आहेत. भाषा घाईची, जात कुठंच नाही, नायकाची दादागिरी म्हणजे काळजी. माझ्या धंद्याच्या सवयीनं हेही दिसतं, की भाग कुठं तोडायचा हे कथा कमी आणि नोटिफिकेशन जास्त ठरवतं. हे सगळं स्पष्ट लिहायला हवं. पण त्यासाठी आधी वाचायला हवं. प्रेम लग्नानंतरच का सुरू होतं, हा त्यातला महत्त्वाचा प्रश्न आहे. जिथं लग्नाआधीच्या प्रेमाची किंमत मुलीलाच मोजावी लागते, तिथं लेखिका प्रेमाला परवानगी असलेल्या जागेत नेऊन ठेवते. याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. तिला आपलं गाव माहीत आहे.

दिवाळीत सेलूला गेलो होतो. रात्री आई फोनचा उजेड कमी करून वाचत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला विचारलं, "कशी आहे गं गोष्ट?"

तिनं चष्मा वर केला. "हिरोनं माफी मागितली बघ. पण घर अजून सासऱ्याच्याच नावावर हाय. तिनं इतक्यात हुरळून जाऊ नये."

मग तिनं पुढचा भाग उघडला. मी लिंक मागून घेतली.