‘सैराट’चा शेवट आणि ‘मान’ नावाचे बंधन

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याची गाणी बेंबळीपासून करमाळ्यापर्यंतच्या आमच्या मुलखात वरातीवरातींतून वाजली. परंतु ज्या अखेरच्या प्रसंगासाठी हा चित्रपट निर्माण झाला, त्याची चिकित्सा मात्र गाण्यांच्या मानाने फारच थोडी झाली. प्रस्तुत लेखात त्या शेवटाचा विचार करावयाचा आहे.

पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परशा हैदराबादेत संसार थाटतात. त्यांना मूल होते. आर्ची आईला दूरध्वनी करते, आणि काही दिवसांनी भाऊ व नातलग आईने पाठविलेल्या भेटवस्तू घेऊन दारी येतात. ती त्यांच्यासाठी चहा टाकते. यानंतर जे घडते ते पडद्यावर दाखविलेले नाही. शेजारणीसोबत बाहेर गेलेले मूल परत येते आणि रक्ताने माखलेल्या पावलांनी रडत बाहेर पडते, एवढेच आपण पाहतो. तेही संपूर्ण शांततेत.

या प्रसंगातील मर्म शांततेपेक्षा त्या भेटवस्तूंत आहे. येथे मारेकरी शत्रूच्या वेशात येत नाही. तो माहेरचा आहेर घेऊन येतो. ज्या रीतीभातींना आपण संस्कृतीचे सर्वांत कोमल रूप मानतो, त्यांच्याच आडून खून घरात शिरतो. ‘ही आमची संस्कृती आहे’ हे समर्थन खुनानंतर उच्चारले जाते असा समज आहे. मंजुळे दाखवितात की ते खुनाच्या आधीच, साडीच्या घडीत बांधून आणलेले असते. याची पूर्वखूणही चित्रपटात आहे. पाटलाचा मुलगा वर्गात दलित शिक्षकाच्या थोबाडीत मारतो आणि ते पचून जाते. ज्या गावात ती थप्पड पचते, तेथे पुढचा रक्तपातही पचणार, हे तेव्हाच ठरलेले असते.

हे केवळ कल्पित नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. वरच्या मानलेल्या जातीतील मुलीशी त्याची मैत्री असल्याचा संशय, हे त्याचे कारण सांगितले गेले. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंग खटल्यात, अशा हत्यांत ‘प्रतिष्ठे’चे काहीही नाही, असे स्पष्ट केले होते. २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात जमावाने वा पंचायतीने हस्तक्षेप करणे बेकायदेशीर ठरविले. परंतु न्यायालयाचा शब्द गावाच्या मौनापुढे दुबळा पडतो, हे खर्ड्याने सिद्ध केले.

राज्यसंस्थाही या मौनापासून अलिप्त नाही. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचे निर्मूलन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९३ मध्ये अनुमोदन दिले. मात्र रूढी बदलण्याविषयीच्या व विवाहातील समानतेविषयीच्या कलमांबाबत त्याने एक निवेदन जोडले : कोणत्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय त्याच्या वैयक्तिक बाबींत हस्तक्षेप न करण्याच्या धोरणास अनुसरूनच ती पाळली जातील. येथे प्रश्न असा की, समाजाची संमती म्हणजे कोणाची संमती? पाटलाची की आर्चीची? जी मारली जाते तीही त्याच समाजाची घटक असते. तिला मात्र कोणीच विचारीत नाही. संस्कृतीचे मुखत्यारपत्र नेहमी बलवंताच्या नावे लिहिलेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे सार सजातीय विवाहात असल्याचे दाखविले आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढींची संगती त्याच सूत्राने लावली. जात टिकवावयाची तर स्त्रीच्या निवडीवर पहारा हवाच. तेव्हा आर्चीचा खून हा संतापाच्या भरातील अपघात नव्हे. त्या पहाऱ्याचीच ती अखेरची पायरी होय.

शिवाय या भूमीची संस्कृती एकच कधी नव्हती. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तेथील शरणांनी चर्मकार हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लावला, आणि राजाने दोन्ही पित्यांना देहान्त दिला, असे परंपरा सांगते. त्या घटनेत विवाह लावणारे आणि देहान्त देणारे, दोघेही याच मातीतले. मग यांतील कोणास ‘आमची संस्कृती’ म्हणावयाचे, हे आपणच ठरवावयाचे आहे.

दीघनिकायातील अम्बट्ठसुत्तात तथागत सांगतात की, जेथे आवाह-विवाहाची देवघेव चालते तेथेच ‘तू माझ्या योग्यतेचा, तू नाहीस’ ही भाषा चालते. जातिवाद, गोत्रवाद व मानवाद यांनी बांधलेला मनुष्य विद्या व आचरण यांपासून दूर असतो. धम्मात ‘मान’ हे भूषण नाही, ते संयोजन आहे, बंधन आहे. आणि हे बंधन केवळ परक्यांचे नव्हे. कुलाभिमानापायी शाक्यांनी प्रसेनजिताला आपली कन्या म्हणून दासीकन्या दिली. त्या फसवणुकीतून विडूडभाचा सूड उद्भवला व शाक्यकुल नष्ट झाले, अशी कथा अट्ठकथा सांगते. ती तथागतांच्या कुलालाही वगळत नाही.

पटाचारेची कथा आर्चीच्या अधिक जवळची आहे. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही कन्या घरच्या सेवकाबरोबर निघून गेली. पुढे पती, दोन्ही मुले व मातापिता गमावून भ्रमिष्ट झाली. पळून गेल्याचे फळ तिला मिळाले, असा अर्थ कोणी काढील. परंतु तिच्या पतीला सर्पदंश झाला, भावाने मारले नाही. आणि तथागतांनी तिला कुलाचा कलंक न मानता जवळ येऊ दिले. पुढे ती विनयधर थेरींत अग्रगण्य ठरली. आर्चीला परतीचे असे दार कोठेच नव्हते. हा भेद दोन समाजरचनांतील भेद आहे.

चित्रपटाला मर्यादाही आहेत. पूर्वार्धातील प्रेमाचा उत्सव इतका दीर्घ आहे की बहुसंख्य प्रेक्षक तोच घेऊन घरी गेले. २०१८ च्या ‘धडक’ या हिंदी अवतारात तर जातीचा प्रश्न जवळजवळ विरूनच गेला. तथापि दोष केवळ प्रेक्षकांवर टाकून चालणार नाही. आपल्या वधू-वर मेळाव्यांत पूर्वाश्रमीची जात दबक्या आवाजात विचारली जात नाही काय? आपली मुलगी मातंग वा भटक्या समाजातील मुलाचे नाव घेईल, तेव्हा आपल्या घरात चहा ठेवला जाईल की दार लावले जाईल? हातात शस्त्र घेतले नाही म्हणून मान नष्ट झाला असे होत नाही.

त्या मुलाची पावले दाराबाहेर येऊन थांबतात आणि पडदा काळा होतो. त्याला कोणी उचलून घेतले, हे दिग्दर्शकाने सांगितलेले नाही. ते सांगण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे.