फ्लॅश पद्धती आणि अणुइंधनाची उष्मावाहकता : एक चिकित्सा

अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या युरेनियम डायऑक्साइडच्या गोळीचा व्यास सुमारे एक सेंटिमीटर असतो. तथापि तिचा पृष्ठभाग आणि तिचे केंद्र यांच्या तापमानात कित्येक शे अंशांचे अंतर पडते. हे अंतर गोळीच्या उष्मावाहकतेवर अवलंबून असल्याने भट्टीच्या सुरक्षिततेची गणितेही बऱ्याच अंशी याच राशीवर उभी असतात. म्हणून तिच्या मापनपद्धतीची चिकित्सा अगत्याची ठरते.

या मापनात आज फ्लॅश पद्धतीचे वर्चस्व आहे. पार्कर, जेंकिन्स, बटलर व ॲबट यांनी ती १९६१ मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स' या नियतकालिकात मांडली. पातळ चकतीच्या एका बाजूवर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकावयाचा (आरंभी तो झेनॉन दिव्याचा होता, लेसर नंतर आला) आणि दुसऱ्या बाजूची तापमानवाढ कमाल वाढीच्या निम्म्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ टिपावयाचा. जाडीच्या वर्गास ०.१३८८ ने गुणून या काळाने भागले की उष्मा-विसरणता मिळते. चकतीने किती उष्णता शोषली हे ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. पद्धतीचे खरे सामर्थ्य येथेच आहे. मूळ निबंधाच्या शीर्षकात मात्र विसरणतेबरोबरच उष्माधारिता व वाहकता यांचाही दावा आहे, आणि तो काहीसा सढळ म्हणावा लागेल. उष्माधारितेसाठी शोषलेली उष्णता मोजावीच लागते. व्यवहारात विसरणतेस घनता व विशिष्ट उष्मा यांनी गुणून वाहकता काढली जाते. त्यावर सच्छिद्रतेची दुरुस्ती होते, आणि सारणीत एकच आकडा उरतो. प्रत्यक्ष मोजलेला असतो तो केवळ काळ.

ताज्या इंधनाबाबत यामुळे फारसे बिघडत नाही. युरेनियम डायऑक्साइडची वाहकता सामान्य तापमानास दर मीटर-केल्विन ७ ते ८ वॅट असते आणि १००० अंश सेल्सियसला ती ३ च्या खाली उतरते, याविषयी मतभेद अल्प आहेत. खरी अडचण वापरलेल्या इंधनाची आहे. विखंडनातून निर्माण झालेले परके अणू आणि स्फटिक जालकातील दोष उष्णतेच्या वहनात अडथळा आणतात, त्यामुळे वाहकता घटते. असा नमुना प्रयोगशाळेत भट्टीतील तापमानापेक्षा अधिक तापविला की त्यातील काही दोष भरून निघतात. तापविताना आणि थंड करताना मिळणारे वक्र त्यामुळे जुळत नाहीत. थोडक्यात, मापनाच्या ओघात नमुनाच दुरुस्त होतो! दुसरा वक्र अधिक नीटस दिसतो खरा, परंतु तो भट्टीतील इंधनाचा नव्हे.

नॉर्वेतील हॅल्डेन येथील संशोधन भट्टीत वेगळा मार्ग अवलंबिला गेला. गोळ्यांना छिद्रे पाडून बसविलेली थर्मोकपल्स चालू भट्टीतच केंद्राचे तापमान नोंदवीत. तेथेही वाहकता थेट मोजली जात नव्हती. गोळी व आवरण यांमधील फटीविषयीची गृहीतके तिच्यात मिसळतच. परंतु इंधन त्याच्या मूळ परिस्थितीत राही, आणि वापरागणिक केंद्र अधिक तापते हे त्या नोंदींतून स्पष्ट झाले. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००९ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात १९९९ पूर्वीच्या संगणकीय प्रणालींवर याच कारणास्तव बोट ठेवले: त्यांत वाहकतेची ही घट पुरेशी धरलेली नसल्याने सुरक्षिततेची अनुमाने वास्तवाहून आश्वासक ठरण्याचा संभव होता.

हॅल्डेनची भट्टी २०१८ मध्ये कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. साहजिकच प्रयोगशाळेतील चकतीवरील भिस्त आता वाढणार आहे. अशा वेळी वापरलेल्या इंधनाच्या सारणीत नमुना किती तापमानापर्यंत आणि कितव्यांदा तापविला, विशिष्ट उष्म्याचे मूल्य कोणत्या नमुन्यावरून घेतले, याची नोंद नसेल, तर तो आकडा गणितात घेण्याजोगा मानता येत नाही.