‘इतर’ या रकान्यात काय असतं?

चहा २०, बस ३०, डबा ११०, इतर ४०.

हा आमच्या ग्रुपवरचा एक मेसेज. आम्ही पाच जण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये एका ऑनलाइन वाचनगटात भेटलो. वाचनगट दोन महिन्यांत बंद पडला, आम्ही उरलो. एक नाशिककर, एक मडगावची, एक कोल्हापूरकर, बंगळुरात नोकरी करणारी एक सोलापूरकरीण आणि पुण्याची मी. पगार पुरत नाही हे सगळ्यांचंच रडगाणं होतं, म्हणून नाशिककराने टूम काढली: रोज रात्री दिवसाचा खर्च ग्रुपवर टाकायचा. लाजेने तरी हात आखडेल.

हात किती आखडला ते सोडा. पण साचलेला हा सगळा मजकूर मी परवा पहिल्यापासून सलग वाचला, आणि त्याबद्दल गंभीरपणे लिहायला हवं असं वाटलं. कथा-कादंबऱ्यांबद्दल आपण तावातावाने बोलतो. स्वतः रोज न चुकता लिहितो ते गद्य मात्र हे आहे, आणि ते कुणी वाचत नाही.

या गद्यात क्रियापद नसतं, कर्ता नसतो, विशेषण तर नसतंच. तरी त्यात माणसं दिसतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ‘बिर्याणी’, शेवटच्या आठवड्यात ‘पोहे’. मडगावचीच्या यादीत वर्षभर बांगडे असतात आणि जून-जुलैत त्यांच्या जागी सुकट येते, कारण त्या दोन महिन्यांत समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तिने पावसावर एक ओळ लिहिलेली नाही, तरी तिचा पावसाळा मला त्या यादीत दिसतो. आणि माझ्या मते या सगळ्या मजकुरातली सर्वांत सुंदर ओळ सोलापूरकरणीची आहे: ‘कडक भाकरी, शेंगा चटणी (आई) – ०’. हिशेबाला या ओळीची काही गरज नव्हती. शून्य मिळवून बेरीज बदलत नाही. तरी तिने ती लिहिली. मला तिथे हिशेब संपून साहित्य सुरू झाल्यासारखं वाटतं.

हिशेबाची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एकनाथांची. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना त्यांना हिशेबात एका पैची चूक लागेना. रात्रभर जागून ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, अशी आख्यायिका आहे. लहानपणी ही गोष्ट आपल्याला एकाग्रतेसाठी सांगितली जाते. मला आता त्यात वेगळंच काही दिसतं. हिशेब जुळत नव्हता, म्हणून नाथांना पानन् पान वाचावं लागलं. आमचा हिशेब नेहमीच जुळायचा, कारण तो ॲप जुळवायचं.

खर्च वाटून देणाऱ्या ॲपांमध्ये देणी ‘सोपी’ करायची सोय असते. मी नाशिककराचे ५०० देणं लागते, तो मडगावचीचे ५०० देणं लागतो. तर ॲप सांगतं, तू थेट तिलाच दे. नाशिककर मधून गळतो. गणित बिनचूक, व्यवहार कमी. पण भर पावसात माझ्याकडे सुटे नव्हते आणि रिक्षाचे पैसे त्याने भरले, ही गोष्टही त्याच्याबरोबर गळते. गल्लीतल्या वाण्याच्या उधारीच्या वहीत खाडाखोड असायची, पण कुणी कधी काय नेलं ते राहायचं. ॲपमध्येही जुन्या नोंदी खाली कुठेतरी असतात. आपण फक्त वरचा आकडा बघतो.

दुसरी अडचण विनोदाची. ‘कडकी’ हा आमच्या ग्रुपचा हुकमी विनोद. कुणी ‘कडकी’ लिहिलं की चार हसरे स्टिकर पडायचे. पैशाच्या ओढाताणीवर हसण्याची मराठीत मोठी परंपरा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त घरखर्चाची तारांबळ जागोजागी आहे आणि ती हसत सांगितलेली आहे. पण लक्ष्मीबाईंचा विनोद तपशिलावर उभा असतो: कोण काय करून बसलं, घरात काय उरलं, पुढे काय झालं. आपण हसतो आणि हसता हसता घराची अवस्था कळते. आमच्या ‘कडकी’त तपशील नव्हता. ते पुढचं विचारू नका, हे सांगण्याचं सभ्य रूप होतं, आणि आम्ही तितक्याच सभ्यपणे विचारलं नाही.

वरचा पहिला मेसेज कोल्हापूरकराचा आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या यादीतून आधी डबा गेला. मग बस गेली. चहा राहिला. महिन्याच्या सुरुवातीला येणारं खोलीभाडं दिसेनासं झालं. आणि ‘इतर’ वाढलं: ४०, मग ३५०, मग दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता २,९००. फुटकळ खर्चाला ठरलेली तारीख नसते. हप्त्याला असते. कादंबरीत तिसऱ्यांदा आलेल्या पावसाचा अर्थ लावत बसणारे आम्ही, आमच्याच ग्रुपवर तिसऱ्यांदा आलेली ५ तारीख आम्हाला दिसली नाही.

ट्रिपचा विषय निघाला तेव्हा ‘जमणार नाही’ एवढं लिहून तो ग्रुपमधून बाहेर पडला. मी फोन केला. नोकरी सहा महिन्यांपूर्वीच गेली होती, खोली सोडून तो मित्राकडे राहत होता, मोबाइलवरून पटकन मिळणारं कर्ज घेतलं होतं. मी रागावले, सांगितलं का नाहीस म्हणून. तो म्हणाला, ‘‘मी रोज लिहीतच होतो की गं. कुणी विचारलं नाही.’’

खरंच, त्याची बेरीज एकदाही खोटी नव्हती.

जपानी पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ मध्ये ‘काकेइबो’ ही घरखर्चाची वही लोकांपुढे आणली. त्या पद्धतीत नुसते आकडे मांडून भागत नाही. महिनाअखेरीस त्यांच्याकडे बघून स्वतःला प्रश्न विचारायचे असतात. आमच्या प्रकारात ही दुसरी पायरीच नव्हती. रोज खर्च टाकल्याने आपण एकमेकांना उघडपणे सगळं सांगतोय असं वाटत राहिलं. प्रत्यक्षात आम्ही लहान खर्च दाखवून मोठे झाकत होतो. मीही. भावाला दिलेले पैसे माझ्याही ‘इतर’मध्येच आहेत.

म्हणून या लेखनाबद्दल माझं मत असं: त्याची ताकद तपशिलात आहे, आणि ‘इतर’ हा त्यातला सर्वांत आळशी शब्द आहे. पण लिहिणाऱ्याला तो कधी कधी लागतो, तेव्हा तो काढून टाकणं हा उपाय नाही. तिथे थांबायचं काम वाचणाऱ्याचं आहे.

कोल्हापूरकर परत ग्रुपवर आलाय. त्याचा कालचा मेसेज: ‘चहा २०, बस ३०, हप्ता २,९००. अजून दोन राहिले.’ त्याखाली सोलापूरकरणीने विचारलंय, ‘‘चहा एकट्यानेच?’’