गिटार कोणी वाजवली?

टेक्सास आणि ओक्लाहोमातल्या नाचघरांत 1930च्या दशकात 'वेस्टर्न स्विंग' नावाचं संगीत घडलं. गावाकडचं फिडल, जॅझचा ठेका आणि हवाई बेटांवरून आलेली स्टील गिटार यांची ती बिनदिक्कत सरमिसळ होती. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. या संगीताचा म्होरक्या बॉब विल्स याला एक खोड होती. वाद्यवृंद रंगात आला की तो वादकांना नावानिशी हाका मारायचा, अगदी ध्वनिमुद्रण चालू असतानासुद्धा. 1936 साली 'स्टील गिटार रॅग' मुद्रित झालं तेव्हा गिटारवादक लिऑन मॅकॉलिफ एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचं नाव त्या तबकडीवर ऐकू येतं. चटोर वाटणाऱ्या या सवयीचा परिणाम दूरवर गेला. मर्ल हॅगार्डने 1970मध्ये विल्सला मानवंदना देणारी तबकडी काढली, तेव्हा कोणाकोणाला बोलवायचं हे त्याला शोधत बसावं लागलं नाही. विल्सकडचा जुना गिटारवादक एल्डन शॅम्बलिन त्यात वाजवून गेला आणि पुढे हॅगार्डच्याच ताफ्यात दाखल झाला. त्यामुळे शॅम्बलिनच्या कारकिर्दीवर आज लिहिता येतं. तो 1937च्या सुमारास काय वाजवत होता आणि चाळीस वर्षांनी त्यात काय बदललं, हे तुलनेने सांगता येतं.

आपल्याकडच्या गिटारवादनाबद्दल असं लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला गाडी अडते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटार मुबलक आहे, पण तबकडीवर नाव गायकाचं आणि संगीतकाराचं, फार तर गीतकाराचं. 'दम मारो दम'मधली (1971) गिटार भूपिंदर सिंगांची, हे बहुतेकांना कळलं ते पुढे मुलाखतींतून, आणि तेही भूपिंदर गायक म्हणून नावाजलेले होते म्हणून. माझं म्हणणं एवढंच, की या कलेची अवस्था वाईट दिसते ती वादक कमी पडले म्हणून नव्हे. कोणी काय वाजवलं याची नोंदच नसल्यामुळे तिची समीक्षा सुरूच होऊ शकलेली नाही. 'गिटार छान आहे' यापलीकडे आपली भाषा सरकत नाही.

अपवाद व्हॅन शिपली यांचा. लखनौचा हा ख्रिस्ती तरुण व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन मुंबईला आला, राज कपूरच्या चित्रपटांत वाजवू लागला आणि पुढे एचएमव्हीच्या तबकड्यांवर स्वतःच्या नावाने चित्रपटगीतांच्या धुना वाजवू लागला. साथीला पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स. 2008मध्ये शिपली वारले, पण मुखपृष्ठावर नाव असल्यामुळे त्यांच्या वादनाबद्दल आज मतभेदसुद्धा होऊ शकतो. मला स्वतःला त्यांचं वादन संथ चालींत पटतं. कांडी एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये तुटत नाही, गळ्यातल्या मींडेसारखी ती ओळ येते, आणि शब्द नसतानाही कडवं कुठे संपलं ते कळतं. द्रुत चालींत मात्र तीच घसरण सूर पुसट करते. तिथे डॅनियल्सचं अकॉर्डियन ओळीला कडा देतं, म्हणून तबकडी तरते. कंपही कधीकधी गोडाच्या पुढे जातो. हे सगळं म्हणता येतं, कारण वाजवणारा माणूस ठाऊक आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: चित्रपटगीत हे संगीतकार आणि अरेंजर यांचं काम, वादक फक्त कागदावरचं वाजवतो. अर्धं खरं आहे. स्वर कागदावर असतात, पण कोणत्या तारेवर घ्यायचा, खालून किती सावकाश चढायचं, कंप केव्हा थांबवायचा, हे कागद सांगत नाही. आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात नेमकं तेच राहतं. दुसरा आक्षेप असा, की आता हे सगळं भरून निघालं आहे. ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' (2008) आलं, पुण्यात 'पंचममॅजिक'सारख्या मंडळींनी राहुलदेव बर्मन यांच्या वादकांना रंगमंचावर बोलावलं. काम मोलाचंच, पण ते बहुतांशी आठवणींचं आहे. वादनाची चिकित्सा त्यातून क्वचितच होते.

धुना वाजवण्याची ही कला स्टुडिओबाहेरही पसरलेली आहे. पिरंगुटच्या कारखान्यांना खेटून असलेल्या उरवड्यासारख्या मुळशीतल्या गावांत वरातीला किंवा मिरवणुकीला बेंजो पार्टी हे ओळखीचं दृश्य. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, 1912मध्ये जपानात नागोयाला तयार झालेल्या ताइशोगोतोचा वंशज. त्याला पिकअप बसवून भोंग्याला जोडलं की झालं. नाचणाऱ्या गर्दीपुढे आवाज पुरावा म्हणून स्टील गिटारला वीज जोडली गेली, तीच गरज इथली. मात्र बेंजोला टाइपरायटरसारख्या कळा, म्हणजे कांडीची सलग मींड नाही. लांब सूर टिकवायला वादक नखीने तारेवर झरझर आघात करत राहतो, आणि चांगला वादक त्या आघातांचा वेग ओळीच्या मध्यावर वाढवून शेवटाकडे आवरतो. शिपलींच्या अगदी उलटा हा मार्ग. इथे द्रुत चाल खुलते, संथ चाल खडबडते. रवी जाधवांनी 2016मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट केला, पण बेंजोच्या वादनशैलीवर गंभीर लेखन झालंच नाही. टेम्पोवर पार्टीचं नाव ठळक रंगवलेलं असतं, वादकाचं नसतं.

मिरवणुकीच्या संगीताला नावं कशाला, ते सगळ्यांचं असतं, असं म्हणणारे भेटतील. लोककलेविषयीचा हा आदर सोयीचा आहे. सुपारीच्या हिशेबात नावं नीट लिहिली जातात. नाव घेण्यालाही मर्यादा आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. मॅकॉलिफच्या 'स्टील गिटार रॅग'चं मूळ सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णीय गिटारवादकाने 1923मध्ये मुद्रित केलेल्या 'गिटार रॅग'मध्ये सापडतं, आणि विल्सच्या हाकेत वीव्हरचं नाव नव्हतं. हाक मारणाऱ्याच्या शेजारी उभा असतो त्याचंच नाव घेतलं जातं. वीव्हरचं ऋण पुढे कळलं ते दोन्ही तबकड्या शेजारी ठेवून ऐकल्यामुळे, आणि तसं ऐकता आलं, कारण पहिल्या तबकडीवर निदान त्याचं नाव छापलेलं होतं.