अंगणातली दीपिका : मल्याळी वृत्तपत्रसृष्टीचे एक मूल्यमापन

पुण्याला सेमिनरीत शिकत असताना आमच्या वर्गात केरळचे बरेच विद्यार्थी होते. न्याहारीनंतर वाचनालयात टपालाने आलेले, दोन-तीन दिवसांचे शिळे मल्याळी वर्तमानपत्र उघडले जाई आणि त्याभोवती त्यांचा घोळका जमे. आम्हा मराठी मुलांना त्यातले अक्षरही लागत नसे. परंतु त्यांच्या हुज्जतीतून एक गोष्ट ध्यानात येई. एखादे पत्र त्यांच्या लेखी ‘आमचे’ असे, तर दुसरे ‘त्यांचे’. बातमी तीच, पण ती कोणाच्या घरच्या पत्रात आली आहे, यावर तिची किंमत ठरे.

पुढे मल्याळी वृत्तपत्रांचा इतिहास वाचताना हे ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ पुनःपुन्हा आठवत राहिले. वृत्तपत्रांचा इतिहास लिहिणारे साधारणपणे तीन मापे वापरतात: पत्राचे वय, त्याचा खप आणि सत्तेकडून झालेला त्याचा छळ. ही तिन्ही मापे खरी आहेत, पण अपुरी आहेत. मल्याळी वृत्तपत्रे बहुतांशी कोणत्या ना कोणत्या समाजाच्या अंगणात जन्मली. तेव्हा अंगणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी आपल्या पानावर किती जागा दिली, हे चौथे माप लावल्याविना त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही, असे मला वाटते. या लेखात ते माप लावण्याचा यत्न केला आहे.

प्रथम छपाईविषयी. संपूर्ण मल्याळममध्ये छापलेले पहिले पुस्तक ‘संक्षेपवेदार्थम्’ हे 1772 साली रोममध्ये निघाले. ते क्लेमेंट पियानियुस या कार्मेलाइट धर्मगुरूंनी रचलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक होते. यानंतरचा टप्पा आपल्या मुंबईतला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. रॉबर्ट ड्रमंड यांचे मलबारी भाषेचे व्याकरण 1799 साली मुंबईच्या कुरियर छापखान्यात मल्याळी खिळे वापरून छापले गेले आणि त्याच छापखान्यातून 1811 साली मल्याळम शुभवर्तमाने बाहेर पडली. पुढे बेंजामिन बेली या अँग्लिकन मिशनरींनी कोट्टयमला छापखाना उभारला आणि स्थानिक कारागिरांना हाताशी धरून गोलाईदार मल्याळी खिळे पाडले. कॅथलिकांच्या बाजूने हे काम मान्नानम येथे चावरा कुरियाकोस एलियास यांनी केले. तिरुवनंतपुरमचा छापखाना पाहून येऊन त्यांनी केळीच्या खांबाचा नमुना करवला व त्याबरहुकूम सुताराकडून लाकडी छापयंत्र बनवून घेतले, असे सांगतात. साल 1846. हेच चावरा 2014 साली संतपदाला पोचले.

छपाई अशी धर्मोपदेशासाठी आली, आणि पहिली नियतकालिकेही तिच्याच मागोमाग आली. जून 1847 मध्ये तलश्शेरीजवळच्या इल्लिक्कुन्न येथून बासेल मिशनचे हेर्मान गुंडर्ट यांनी ‘राज्यसमाचारम्’ काढले. मल्याळम कोशकार म्हणून कीर्ती मिळवलेले आणि कादंबरीकार हेर्मान हेसे यांचे आजोबा ते हेच. पत्र शिळाछापावर निघे आणि फुकट वाटले जाई. नावात समाचार असला तरी आत मुख्यतः उपदेश होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघालेल्या ‘पश्चिमोदयम्’चा स्वभाव मात्र निराळा होता. भूगोल, इतिहास, खगोल, निसर्गशास्त्र यांचा मजकूर त्यात येई. पुढल्या वर्षी कोट्टयमहून ‘ज्ञाननिक्षेपम्’ निघाले.

या आरंभाचे ऋण मान्य करून त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मिशनऱ्यांनी मल्याळम गद्याला सोपे, सरळ वळण दिले, हा त्यांचा मोठा गुण. परंतु त्यांच्या पत्रातला वाचक हा शिष्य होता. त्याने ऐकायचे होते, बोलायचे नव्हते. ज्या पत्रात वाचकाचे गाऱ्हाणे छापले जात नाही, ते ज्ञानपत्र होऊ शकते. वृत्तपत्र होण्याला त्याला अवकाश असतो.

गाऱ्हाणे प्रथम नेटाने आले ते आपल्याच कॅथलिक बांधवांकडून. केरळच्या सुरियानी कॅथलिकांना शतकानुशतके परदेशी धर्माधिकाऱ्यांच्या हाताखाली राहावे लागले. 1778 साली जोसेफ कारियाट्टिल आणि पारेम्माक्कल तोमा कथनार हे दोघे धर्मगुरू ही व्यथा घेऊन रोमला निघाले. कारियाट्टिल आर्चबिशप होऊन परतले खरे, पण 1786 साली गोव्यातच त्यांना मृत्यूने गाठले. गावचा किनारा त्यांना दिसला नाही. तोमा कथनारांनी लिहिलेले ‘वर्तमानपुस्तकम्’ हे त्या प्रवासाचे वर्णन भारतीय भाषांतील आद्य प्रवासवर्णनांत गणले जाते. त्यात प्रवास जितका आहे, तितकाच अन्यायाचा लेखाजोखाही आहे. मात्र ते हस्तलिखितच राहिले. छापले गेले ते 1936 साली.

जे हस्तलिखिताला साधले नाही, ते पाक्षिकाने साधले. 15 एप्रिल 1887 रोजी मान्नानमच्या छापखान्यातून ‘नस्राणी दीपिका’ बाहेर पडली. तिचे संपादक निधिरिक्कल माणी कथनार हे बहुभाषी, व्यासंगी धर्मगुरू होते. आपल्या लोकांना आपलेच बिशप मिळावेत, ही त्या काळच्या चळवळीची मुख्य मागणी. ती 1896 साली पुरी झाली. दीपिकेचा मोठेपणा असा की, कथनारांनी फुटलेल्या याकोबी बांधवांनाही बरोबर घेतले. कॅथलिक आणि याकोबी यांच्या ऐक्यासाठी उभारलेल्या संघाचे ते पत्र होते. ज्या काळात एका पंथाच्या माणसाने दुसऱ्याच्या चर्चची पायरी चढणे कठीण होते, त्या काळात हे धैर्यच म्हटले पाहिजे. दीपिका आजही चालू आहे आणि मल्याळममधील हयात दैनिकांत ती सर्वांत जुनी आहे. पण आपले माप येथेही लावायचे, तर असे म्हणावे लागते की अंगण रुंदावले, तरी ते नस्राण्यांचेच अंगण राहिले. नावातच तसे लिहिलेले होते.

‘मलयाळ मनोरमा’ची गोष्ट येथे वेगळे वळण घेते. तिचे संस्थापक कंडत्तिल वर्गीस माप्पिळ्ळै हे याकोबी सुरियानी. वृत्तपत्राचा धडा मात्र त्यांनी परक्याच्या पेढीवर गिरवला. देवजी भीमजी या गुजराती व्यापाऱ्याने कोचीत 1881 साली काढलेल्या ‘केरळमित्रम्’चे ते संपादक होते. 1888 साली त्यांनी शंभर रुपयांचा एक असे शंभर भाग विकून कंपनी स्थापली, लंडनचे छापयंत्र आणवले, आणि मार्च 1890 मध्ये पहिला अंक काढला. त्या अंकाचा अग्रलेख पुलयांच्या शिक्षणासाठी होता. पुलय म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भातखाचरात राबणारी, अस्पृश्य मानलेली जात. त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1855 साली. म्हणजे कालपर्यंत ही माणसे जमिनीबरोबर विकली जात होती. त्यांच्यात अंक विकत घेणारा कोणी नव्हता, कंपनीचा भाग घेणारा तर नव्हताच. तरीही नव्या पत्राने आपला पहिला शब्द त्यांच्यासाठी खर्च केला. मल्याळी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात मला हा अग्रलेख सर्वांत मोलाचा वाटतो.

याच मापाने एका थोर पुरुषाचे मूल्यमापन करताना मात्र लेखणी अडखळते. वक्कोम अब्दुल खादर मौलवी यांनी 1905 साली ‘स्वदेशाभिमानी’ काढले आणि पुढच्याच वर्षी के. रामकृष्ण पिळ्ळै यांना संपादक नेमले. मालक मुसलमान, संपादक नायर, आणि संपादकाला पुरती मोकळीक, हे त्या काळात अपूर्व होते. दिवाण पी. राजगोपालाचारी यांच्या कारभारावर पत्राने असे कोरडे ओढले की 26 सप्टेंबर 1910 रोजी छापखाना जप्त झाला आणि रामकृष्ण पिळ्ळै यांना त्रावणकोरातून हद्दपार केले गेले. मौलवींनी छापखाना परत मिळवण्यासाठी सरकारपुढे हात पसरला नाही. पिळ्ळै यांनी हद्दपारीत वृत्तपत्रव्यवसायावर मल्याळममधील पहिला ग्रंथ सिद्ध केला, कार्ल मार्क्सचे चरित्र लिहिले, आणि 1916 साली कण्णूर येथे वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी देह ठेवला. केरळचे पत्रकार त्यांना हुतात्म्याचा मान देतात, आणि तो योग्यच आहे.

परंतु त्याच 1910 सालची दुसरी नोंदही वाचली पाहिजे. पुलयांच्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा याच निर्भय संपादकाने त्याला विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या बुद्धीची मशागत केलेल्यांना आणि शेताची मशागत केलेल्यांना एका वर्गात बसवणे म्हणजे घोडा आणि म्हैस एका जोखडाला जुंपणे होय, अशा आशयाची उपमा त्याने वापरली. जो दिवाणाला भ्याला नाही, तो आपल्याच जातीच्या अंगणाचे कुंपण ओलांडू शकला नाही. शिवाय या एका प्रश्नात दिवाणाचे सरकार न्यायाच्या बाजूला होते आणि स्वातंत्र्याचा कैवारी विरुद्ध बाजूला. पिळ्ळै यांचे हुतात्म्य यामुळे खोटे ठरत नाही. मात्र सत्तेपुढे न वाकणे आणि दुर्बलाशी न्यायाने वागणे हे दोन निराळे गुण आहेत, आणि पहिला असला की दुसरा आपोआप येतो असे नाही, हे त्यावरून कळते. छळाचे माप अपुरे का, याचे उत्तर येथे मिळते.

पुढील दशकांत प्रत्येक समाजाने आपापले पत्र उभे केले. नारायण गुरूंच्या चळवळीतून ‘विवेकोदयम्’ आले. त्याचे संपादन कवी कुमारन आशान करीत. सी. व्ही. कुञ्ञिरामन यांनी 1911 साली ‘केरळ कौमुदी’ काढली. राष्ट्रीय चळवळीने 1923 साली कोळिकोडला ‘मातृभूमी’ दिली, मुसलमानांत 1934 साली ‘चंद्रिका’ निघाली, आणि कम्युनिस्टांची ‘देशाभिमानी’ 1942 पासून चालू झाली. पुलयांचे नेते अय्यंकाळी यांच्या संघालाही स्वतःचे ‘साधुजनपरिपालिनी’ हे मासिक काढावे लागले. मनोरमेच्या पहिल्या अग्रलेखानंतर दोन तपे उलटून गेल्यावरही त्या माणसांना स्वतःचे पान छापूनच बोलावे लागले, हा सगळ्याच अंगणांवरचा ठपका आहे. त्यात ख्रिस्ती अंगणही आले. बाप्तिस्मा घेतलेल्या दलितांना चर्चमध्येही वेगळे बसावे लागे. त्याला विटून पोयकयिल योहन्नान यांनी स्वतःचा निराळा पंथ स्थापला.

या चढाओढीचा लाभ भाषेला झाला, हेही नमूद केले पाहिजे. प्रत्येक पत्राला शेतावरच्या, चहाच्या दुकानातल्या वाचकापर्यंत पोचायचे होते; संस्कृतप्रचुर मल्याळमने ते साधणारे नव्हते. माप्पिळ्ळै यांनी 1892 साली ‘भाषापोषिणी’ काढून कवी व गद्यलेखक एकत्र आणले. तीसच्या दशकात ‘केसरी’ बाळकृष्ण पिळ्ळै यांच्या पत्राने युरोपीय साहित्याची व चिकित्सेची ओळख करून दिली. 1991 साली केरळ पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले; त्या साक्षरतेमागे शाळांइतकीच ही वृत्तपत्रेही उभी आहेत.

शेवटी दोन प्रसंग. 1938 साली दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी मनोरमेच्या कचेरीला टाळे ठोकले; संपादक मामेन माप्पिळ्ळै तुरुंगात गेले, आणि त्रावणकोरात पत्र पुन्हा निघाले ते 1947 साली. तेव्हा मनोरमेने जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे सर्वांच्या हक्काची बाजू घेतली होती. दुसरा प्रसंग 1959 चा. 1957 च्या शिक्षण विधेयकावरून केरळ पेटला. विधेयकातील काही कलमे अल्पसंख्याकांच्या हक्कांना बाधक होती, हे 1958 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले. आपली तक्रार निराधार नव्हती. परंतु खाजगी शाळांतील शिक्षकाच्या पगाराची हमी हाही त्याच विधेयकाचा भाग होता. दीपिका आणि मनोरमा लढ्याच्या एका बाजूला, देशाभिमानी दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकाच्या हाती आपल्याच बाजूचे पत्र. अंगमालीला गोळीबारात माणसे मेली, 31 जुलै रोजी सरकार बडतर्फ झाले, आणि त्या शिक्षकाचे गाऱ्हाणे दोन्हीकडच्या मथळ्यांत हरवले.

कोणी म्हणेल, समाजाच्या पत्राने समाजाची बाजू मांडू नये तर कोणी मांडावी? प्रश्न रास्त आहे. दीपिका नसती, तर सुरियानी कॅथलिकांचे दुःख तोमा कथनारांच्या हस्तलिखितासारखे पेटीत पडून राहिले असते. अंगण हवेच, तेथेच माणूस बोलायला शिकतो. पण आपला शेजारी कोण, हा प्रश्न विचारणाऱ्याला प्रभूने जी गोष्ट सांगितली, तिच्यातला जखमी माणूस अंगणात नव्हता, वाटेवर पडलेला होता.

आपली नियतकालिकेही धर्मग्रामाच्या अंगणातच वाढतात. सणाचे वृत्तांत, दीक्षाविधींची छायाचित्रे, आपल्या कवींच्या कविता हे सारे त्यांत असावे. ते आपले आहे. परंतु आपल्या चर्चच्या बांधकामावर विटा वाहणारी, सणाच्या मांडवाबाहेर आपली मुले घेऊन बसणारी कुटुंबे कोणत्या गावची, त्यांची मुले शाळेत जातात का, हे आपल्या अंकात कधी छापून आले आहे का, हेही एकदा तपासून पाहावे. मनोरमेचा पहिला अग्रलेख लिहिणाऱ्याला आपला वर्गणीदार कोण हे पक्के ठाऊक होते. तो लेख त्याने वर्गणीदारांसाठी लिहिला, पण वर्गणी कधीही देऊ न शकणाऱ्यांविषयी लिहिला.